दहा कुत्र्यांची बाटली

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

दोन हजार. आज यांनी जेवताना आकडा सांगून टाकला. महिन्याला दोन हजारांत तिन्ही कुत्र्यांचं खाणं, औषधपाणी सगळं बसलं तर ती राहतील. नाहीतर दोन वैजापूरला, थोरल्या भाऊजींच्या शेतावर. "एक ठेव तुला. कोणतं ते तूच ठरव." ताटाकडे बघत बोलले.

आमचा मुलगा ऋतुराज होता तोवर कुत्र्यांचा खर्च त्याच्या पगारातून व्हायचा. किती होतो ते आम्ही कधी विचारलं नाही. त्याच्या कपाटात दवाखान्याच्या पावत्या सापडल्या तेव्हा यांनी त्या एकेक करून तारखेनं लावल्या होत्या.

उद्या त्याला जाऊन पाच महिने होतील. सिल्लोडहून येताना गाडी घसरली. याच्यापेक्षा जास्त आम्हाला कोणी सांगू शकलं नाही.

खंड्या म्हातारा झालाय. राणी सावलीसारखी माझ्या मागं असते. टिकली सगळ्यात लहान, कपाळावर पांढरा ठिपका. तिघांनाही त्यानं रस्त्यावरून उचलून आणलेलं. मी यातलं एकही देणार नाही.

५ नोव्हेंबर

पाकिटातलं खाणं बंद केलं. कोंबडीच्या दुकानातून पाय आणि माना आणल्या, शिजवून भाकरी कुस्करली. खंड्या आणि राणीनं थाळ्या चाटून पुसल्या. टिकलीनं वास घेतला आणि फाटकापाशी जाऊन बसली.

७ नोव्हेंबर

संध्याकाळी सोनिया आली होती. ऋतुराजच्या कंपनीत होती ती. त्यानं तिचं नाव घरात दोनदा काढलं होतं. दोन्ही वेळा मी उठून स्वयंपाकघरात गेले.

आत ये म्हटलं नाही. पायरीवरच पाणी दिलं. म्हणाली, "काकू, टिकलीला मागायला आले. आम्ही दोघांनी मिळून तिला जालना रोडवरून उचललं होतं. तेव्हा मी हॉस्टेलला होते, म्हणून ती इकडं आली. आता इथंच हर्सूलला खोली घेतली आहे. मालकांना कुत्रं चालतं."

मी म्हटलं, "ती त्याची आहे."

"हो," म्हणाली. पेला पालथा घालून गेली.

टिकली तिच्या मागं कोपऱ्यापर्यंत पळाली. हाक मारली तर परत आली. पण दर चार पावलांनी वळून बघत.

९ नोव्हेंबर, रविवार

आठ दिवसांनी नळाला पाणी. हे म्हणाले, "आधी टाकी भरू दे, मग तुझ्या लेकरांचं बघ." लेकरं म्हणून गेले आणि लगेच नळाकडे वळले.

तिघांना अंगणात अंघोळ घातली. गोचिडी हातानं वेचून साबणाच्या पाण्यात टाकल्या. दवाखान्यात याचे वेगळे पैसे घ्यायचे. नखंही घरीच कापली. राणीचं एक नख जास्त कापलं गेलं, रक्त आलं. हळद दाबून धरली. ती ओरडली नाही, माझा हात चाटत राहिली. मग मात्र मला रडू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, तेही नखासाठी.

१२ नोव्हेंबर

टिकली खात नाही. दही-भात दिला, ओव्याचं पाणी दिलं. नाही.

तिला घेऊन सरकारी जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथं केसपेपर काढला की तपासणी होते, फार पैसे पडत नाहीत. रिक्षावाला आधी नाहीच म्हणाला. "कुत्ते को नई बिठाता बाई, सीट खराब होती." मी उतरायला लागले तर म्हणाला, "अब रोने का मुँह नक्को बनाओ. नीचे बिठाओ, पाँव के पास." मी रडत नव्हते. माझं तोंड आता तसंच झालं असेल.

रांगेत शेळी घेऊन एक बाई होती. "कुत्र्यालाबी पेपर फाडावा लागतो व्हय?" म्हणाली. मग टिकलीकडे बघून, "हिला काय बी झालं नाय. हिचं मन लागंना." शेळी मधेच माझी पिशवी खायला लागली. दोघी हसलो.

डॉक्टर तनुजा मॅडमनी पोट दाबून बघितलं, ताप बघितला, हिरड्या बघितल्या. काही नाही म्हणाल्या. जंताच्या गोळ्या तिघांनाही द्या, पण वजनाप्रमाणे.

वजनासाठी वाटेत भंगारवाल्याकडे थांबले. काटा मोठा, त्यावर टिकली एकटी उभी राहीना. तो म्हणाला, "तुम्ही उचलून घ्या, मग तुमचं वजा करू." आधी मी एकटी उभी राहिले. अठ्ठेचाळीस. मागच्या वर्षीच्या दिवाळीला मी सत्तावन्न होते. कधी कमी झालं कळलंच नाही.

१५ नोव्हेंबर

खंड्यानं गोजरबाईंच्या नातवाची चड्डी फाडली. दात लागला नाही, देवाची कृपा. चेंडू घ्यायला पोरगं भिंतीवरून आत उतरलं होतं. गोजरबाई शेजारच्याच, भांडायला आल्या नाहीत. पण दारात उभ्या राहून म्हणाल्या, "ऋतूची माय, तेवढं सांग, औंदा सुई दिलीय का यांना?" आणि मग ऋतूची माय म्हटल्याचं त्यांच्याच लक्षात आलं आणि पदर तोंडाला लावला.

रेबीजची सुई. ती तो दर जूनमध्ये द्यायचा. या जूनमध्ये—

नाही दिलेली.

हे आत ऐकत होते. "सुया होत नसतील तर पुढच्या रविवारी वैजापूरला फोन करतो. दुसऱ्याच्या लेकराला काही झालं तर तोंड कुठं दाखवू?" खरं आहे त्यांचं.

१७ नोव्हेंबर

तीन सुयांचे खाजगीत जे सांगितले त्यात आमचा महिना संपतो. परत तनुजा मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, "दहा कुत्र्यांची बाटली मिळते. एकेकट्या सुईपेक्षा बरीच स्वस्त पडते. ती तुम्ही विकत आणा, टोचून मी देते. पण एकदा उघडली की त्याच दिवशी संपवायची, उरलेली फेकायची. दहा कुत्री एका वेळी गोळा करा."

दहा! मला गल्लीतली दहा माणसं बोलायची नाहीत.

१९ नोव्हेंबर

आज सहा दारं वाजवली. जन्मात कोणाकडे काही मागायला गेले नाही. प्रत्येक दारात आधी ऋतुराजचं बोलणं निघतं, मग चहा, मग कुत्र्याचं. एका ठिकाणी तर कुत्र्याचं सांगायचंच राहून गेलं, तशीच परत आले.

कडूबा पिठाच्या गिरणीवाले त्यांचा काळू देणार. गोजरबाई गल्लीतल्या पिवळ्या कुत्रीसाठी तयार झाल्या. "पण ती माझी नाय हां. भाकरी तेवढी माझ्याकडं खाते. सुई तू दे, पैसे गल्लीकडून माग." शेवटी त्यांनीच पदराची गाठ सोडली.

पाच झाली. अजून पाच हवीत. हे विचारतात, "किती झाली?" त्यांनी भाऊजींना अजून फोन केलेला नाही.

२१ नोव्हेंबर

तनुजा मॅडमचा फोन. "तुमच्या हर्सूलचीच एक मुलगी पाच कुत्र्यांसाठी विचारून गेली. रस्त्यावरची सांभाळते. नंबर देऊ का?"

नाव सोनिया.

मी म्हटलं, नंबर नको. आहे.

२२ नोव्हेंबर

ऋतुराजच्या फोनमधून नंबर घेतला. माझ्या फोनवरून लावला. तिनं "हॅलो" म्हटलं. मी फोन या कानाचा त्या कानाला लावला. मग तीच, "काकू?"

मी म्हटलं, "बाटली उघडायची आहे. तुझी पाच, माझी पाच."

"किती वाजता?" एवढंच विचारलं तिनं.

२३ नोव्हेंबर, रविवार

कडूबांनी पिठाचा टेम्पो दिला. हे येणार नव्हते. ऐन वेळी पायात चप्पल घातली आणि पुढं बसले. लस बर्फ घालून दुधाच्या थर्मासात. तो यांनी मांडीवर घेतला, सांडेल म्हणून दोन्ही हातांनी धरून. मागं पाच कुत्री, मी आणि पीठ. दवाखान्यापाशी उतरलो तेव्हा काळू पांढरा झाला होता. मॅडम म्हणाल्या, "हा काळू? मग गोरा कसा असतो तुमच्याकडे?" हेही हसले. मला वाटतं जूननंतर पहिल्यांदा.

सोनिया आधीच येऊन थांबली होती. पाच कुत्री पाच दोऱ्यांना, दोऱ्यांचा सगळा गुंता झालेला. टिकलीनं माझ्या हातातून हिसका दिला. ओरडली नाही, भुंकली नाही. जाऊन सोनियाच्या पायांत पडली आणि डोळे मिटले.

मी खंड्याला धरायला गेले तर तो गुरगुरला. सोनिया वाकली, त्याचे दोन्ही कान मुठीत धरून कपाळाला कपाळ लावलं. सुई कधी टोचली त्याला कळलंही नाही. ऋतुराज असंच धरायचा. त्यानं तिला शिकवलं की तिनं त्याला, कोण जाणे. आता विचारायचं म्हटलं तरी अर्धंच उत्तर मिळेल.

दहाच्या दहा झाली. बाटली रिकामी. सोनियानं तिच्या वाट्याचे पैसे दिले, मग टिकलीला उठवून दोरी माझ्या हातात दिली. पुन्हा मागितली नाही. हे तिला म्हणाले, "पोरी, उन्हात उभी राहू नको." एवढंच बोलले, पण बोलले.

२४ नोव्हेंबर

टिकलीनं खाल्लं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

महिना संपला. यांनी स्वतः बेरीज केली. दोन हजारांच्या आतच आहे. चष्मा काढला आणि म्हणाले, "राहू दे तिन्ही. वैजापूरचा विषय संपला." नंतर खंड्याच्या पाठीवर हात ठेवून बसले होते.

महिनाभर मी याच्याचसाठी धडपडत होते. आनंद व्हायला हवा होता. भाकरी कुस्करून टिकलीपुढं ठेवली. ती फाटकाकडे तोंड करून बसलेली. मीही तिच्याजवळ बसून रस्त्याकडे बघितलं. मी ज्याची वाट बघते तो येणार नाही. ती जिची बघते ती दोन गल्ल्या पलीकडे आहे.

२ डिसेंबर

सकाळी टिकलीला सोनियाकडे सोडून आले. तिथं भात खाल्ला तिनं, माझ्यासमोर.

घरी आल्यावर यांनी दोनच थाळ्या बघितल्या. "अगं, बसत होतं की दोन हजारांत. परवडत नव्हतं का तुला?"

मी म्हटलं, परवडत होतं.