मुरलीधराच्या भिंतीवरची सात लुगडी

तीर्थरूप दत्तोबामामांस, मुक्काम वाई, पुण्याहून मथुरेचा दंडवत. आम्ही दोघे सुखरूप आहोत. सुखरूप म्हणजे आबांना ताप नाही आणि मला खोकला नाही. याहून अधिक अर्थ काढू नये. मामींच्या गुडघ्याला आता उतार असेल, आपला खलबत्ता चालू असेल आणि कृष्णेचे पाणी अजून घाटाच्या खाली असेल, असे धरून पुढे लिहिते.

आपण तीन गोष्टी विचारल्या होत्या: आबांचे डोळे, कसब्यातल्या मुरलीधराच्या देवळातली भिंत, आणि माझ्या दुसऱ्या लग्नासाठी आपण पाहिलेले पाटाचे स्थळ. डोळ्यांचे उत्तर सोपे आहे. डावा गेल्या वर्षी गेला, उजव्याने माघात काम सोडले. आता ते माणूस पावलावरून ओळखतात आणि रंग वासावरून, आणि दोन्हींत फारसे चुकत नाहीत. काम त्यांच्या नावाने मीच करते. हे सगळ्या कसब्याला माहीत आहे आणि कोणी बोलत नाही, म्हणून चालले आहे. भिंतीचे उत्तर लांब आहे, ते खाली देते. स्थळाचे उत्तर कागद उरल्यास.

भिंत आपण आणि आबांनी मिळून रंगवली तेव्हा मी सात वर्षांची होते आणि बाजूला बसून नीळ खलत होते, त्यामुळे वर्णनाची गरज नाही. तरी आपल्याला साक्ष द्यावी लागणार आहे, म्हणून आठवण करून देते. कदंबावर कृष्ण, फांद्यांवर सात लुगडी, खाली यमुनेत गोपी. तिघी कंबरेइतक्या पाण्यात, तिघी गळ्याइतक्या, एक काठावर पाठमोरी. सगळ्या हात जोडून लुगडी परत मागत आहेत. गेली चार वर्षे याच भिंतीखाली दिगंबरपंत पंतोजींची शाळा भरते. एकतीस मुले, एकतीस धूळपाट्या. या चार वर्षांत मुलांवर चित्राचा काय परिणाम झाला हे मला नेमके सांगता येते, कारण दर दिवाळीला भिंत मीच साफ करते. जमिनीपासून दीड हातावर तेलाचे एकतीस गोल डाग असतात. डोक्यामागच्या तेलाचे. म्हणजे एकतिसांपैकी एकतीस मुले चित्राकडे पाठ करून, भिंतीला डोके टेकून पेंगतात. (शंखजिऱ्याची पूड चोळली की डाग जातात. दिवाळीनंतर आठ दिवसांत परत येतात.)

ज्येष्ठात सर्जेराव शिलेदार मोहिमेवरून परतले आणि मुलाला, मच्छिंद्राला, शाळा सोडून गेलेल्या एका मुलाच्या जागी घालायला घेऊन आले. मूल बसले, पंतोजी बसले, सर्जेराव उभेच राहिले. अर्धी घटका भिंतीकडे पाहून त्यांनी जाहीर केले की हे चित्र पाहण्याजोगे नाही. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा तपासायला आले. तिसऱ्या दिवशी मेहुण्याला घेऊन आले. मग देवळाचे मालक आप्पासाहेब यांच्यापुढे सभा झाली. मी आबांच्या वतीने खांबाआड बसले होते.

सर्जेराव म्हणाले, "कोवळ्या पोरांच्या डोळ्यांसमोर हे असलं? उद्या काय शिकतील?"

"अहो सर्जेराव," दिगंबरपंत म्हणाले, "चार वर्षं निमकीचा पाढा डोळ्यांसमोर धरतोय. तो दिसत नाही त्यांना. भिंत कशी दिसेल?"

देवळाची झाडलोट करणाऱ्या सोजरबाईंना कोणी विचारले नव्हते. त्या केरसुणी न थांबवता म्हणाल्या, "नऊ पोरं निस्त्या करगोट्यावर येत्यात साळंला. आधी त्यास्नी नेसवा की."

हे टिपणात घेतले गेले नाही. मुलांनी असले चित्र पाहावे की नाही, यावर मलाही कोणी विचारले नाही. माझ्याकडे मत नव्हतेच, माप होते. ते मी सांगितले नाही, कारण चित्रावर तेलाचे डाग पडतात हे ऐकून आप्पासाहेबांनी शाळाच उठवली असती आणि दिगंबरपंतांना दुसरी जागा नाही. निकाल असा झाला की आबांनी गोपींना लुगडी नेसवावीत.

आबांना मी हे सांगितले नाही. डाग काढायला जाते म्हणाले. पडदा लावून पाच सकाळी काम केले. मूळ चित्र ओल्या गिलाव्यावरचे, रंग चुन्याने पिऊन टाकलेला. वरून नेसवायचे ते कोरड्यावर. चुन्याच्या निवळीत कालवून लावले असते तर कायमचे बसले असते. मी धावड्याच्या डिंकात कालवले. पावसाळ्यात निवळीचा रंग सुकत नाही, असे कारण सभेत दिले. आपणास ते पटण्याचे कारण नाही, त्यांना पटले. सर्जेराव रोज पडद्याबाहेरून सूचना करत. पदर दोन्ही खांद्यांवरून हवा. चोळी कोपरापर्यंत हवी. गळ्याइतक्या पाण्यातल्या तिघींचे डोके आणि जोडलेले हात तेवढे दिसत होते, त्यांनाही डोक्यावरून पदर हवा. आप्पासाहेबांनी एकीला तांबड्या हिरमुजीचा काठ सांगितला, कारण तो त्यांच्या घरी आवडतो.

सहाव्या दिवशी पडदा काढला आणि चार वर्षांत प्रथमच एकतीस मुले भिंतीकडे तोंड करून बसली.

पहिला प्रश्न मच्छिंद्राने विचारला. बायका लुगडी नेसल्या आहेत, मग झाडावरची लुगडी कोणाची? पंतोजी म्हणाले, जास्तीची. मग देव ती परत का देत नाही? पंतोजी म्हणाले, वाळत घातली आहेत. मग बायका हात का जोडतात? यावर पंतोजींनी सगळ्यांना पाढे म्हणायला लावले. चूक माझी होती, मामा. नेसवताना मी सातही लुगड्यांचे काठ नीट जुळवले. झाडावर सात आहेतच, हे माझ्या ध्यानात आले नाही. संध्याकाळपर्यंत कसब्यात पसरले की आप्पासाहेबांच्या मुरलीधराने बायकांच्या अंगावरची तेवढी सोडून घरातली सगळी लुगडी नेली.

सर्जेरावांनी झाडावरची लुगडी पुसायला सांगितली. दिगंबरपंत म्हणाले, मग देव हसतो कशाला? तर हसू पुसा. मग हात कशाला जोडले? तर हात पुसा. आप्पासाहेब म्हणाले, "म्हणजे उरलं झाड." सर्जेराव म्हणाले, "झाडाला माझी हरकत नाही."

तोवर मुलांना शोध लागला होता की ओले बोट घासले की लुगडे निघते. चार वर्षे ज्यांच्याकडे कोणी पाहिले नव्हते त्यांना आता रोज थोडे थोडे उतरवले जाऊ लागले. काल सभेत सर्जेराव हा अनाचार वर्णन करत होते आणि हात हलवत होते. त्यांच्या उजव्या अंगठ्याला हिरमुजी लागलेली होती. आप्पासाहेबांनी अंगठ्याकडे पाहिले, मग स्वतःच्या आवडत्या काठाकडे. सर्जेराव म्हणाले, "पक्का आहे का, तेवढं बघितलं." आणि मग, बहुधा अंगठ्यामुळेच, आवाज चढवून त्यांनी सगळ्या भिंतीला चुना द्यावा असे मागितले. गोकुळाष्टमीच्या आत.

आप्पासाहेबांना चुना नको आणि भांडणही नको. त्यांनी ठरवले की भिंत रंगवणारे दुसरे कारागीर, म्हणजे आपण, काय लिहाल तसे करावे. मी आपणास काहीही सुचवत नाही. प्रामाणिकपणे जे वाटेल ते लिहावे.

श्रावण शुद्ध नवमी. आपली भाची मथुरा.

ता. क. प्रामाणिकपणे पुढीलप्रमाणे लिहावे. "चुना दिल्यास आतली ओल कोंडेल, वर्षाच्या आत गिलावा पोपडे धरेल आणि ते नैवेद्याच्या ताटात पडतील." नैवेद्याचा उल्लेख जरूर करावा. गोपींचा करू नये.

ता. क., एकादशी. नीरेला पूर आहे म्हणून जासूद निघाला नाही. आज आबांना नेहमीप्रमाणे देवळात न्यावे लागले. टाळायला कारण सापडले नाही. त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला, दोन गोपींपर्यंत सरकवला, बोट जिभेला लावले आणि म्हणाले, "धावड्याचा डिंक. म्हणजे काढायचं आधीच ठरलेलं होतं." मग म्हणाले, "पाठमोरीचा पदर उलट्या बाजूने घेतलायस." हे खरे आहे. मग म्हणाले, "ओल्या फडक्याने पूस. घासू नकोस, टिप. गळ्याइतक्या पाण्यातली मधली आहे तिच्या नथीचा मोती जपून." मी तिथेच सगळ्या पुसल्या. आप्पासाहेबांना मुलांनी पुसल्या असे कळवले आहे. मुलांनी ते मोठ्या आनंदाने कबूल केले.

ता. क., पौर्णिमा. पूर ओसरला, जासूद दारात उभा आहे. मुलांनी उघड्या गोपींकडे एक दिवस पाहिले, दुसऱ्या दिवशी अर्धा, आज पाठ फिरवून पेंगत होती. दीड हातावर डाग धरू लागले आहेत, अजून एकवीसच. मधली गोपी कोणाची मुद्रा घेऊन उभी आहे हे आपण, आबा आणि मी सोडून कोणाला माहीत नाही. आपल्या बहिणीचा चेहरा पुण्यात दुसरीकडे कुठे नाही, म्हणून उत्तर अष्टमीच्या आत पाठवावे. आबा दर एकादशीला मोती पांढरा आहे का एवढेच विचारतात. आहे. मच्छिंद्राच्या डोक्याचा डाग नेमका तिच्या हनुवटीखाली पडला आहे, कुशीत घेतल्यासारखा. या दिवाळीला तीस डाग काढीन.

स्थळाविषयी लिहायला कागद उरला नाही.