वेंडल कर्लिंग क्लबचा तीनशे पानी इतिहास

५ जानेवारी १९९८, सोमवार

बाहेर उणे एकतीस. आमच्या कर्लिंग क्लबचा, म्हणजे बर्फावर दगड सरकवणाऱ्या मंडळींचा, पंचाहत्तर वर्षांचा इतिहास लिहायचं काम कमिटीने शेवटी माझ्याकडे सोपवलं. शेवटी म्हणजे आधी तिघांना विचारून झाल्यावर. ते तिघे नाही म्हणाले, हे गार्थ लिंडक्विस्टने मला सांगायची काही गरज नव्हती. आज हा क्लबचा अध्यक्ष आहे. पाकिटावर तिकीट कुठे लावतात हे त्याला पोस्टाच्या खिडकीतून मी शिकवलंय.

संकल्प: तीनशे पानं. कापडी बांधणी. समारंभाचं जेवण १४ मार्चला, म्हणजे अडुसष्ट दिवस. रोज चार पानं धरली तर दोनशे बहात्तर. उरलेल्या अठ्ठावीस पानांवर फोटो. इतकं सोपं काम तिघांना जमू नये?

६ जानेवारी

शीर्षक लिहिलं. गुडघा दुखतो आहे.

९ जानेवारी

क्लबची सगळी जुनी कागदपत्रं एका बिस्किटाच्या डब्यात निघाली. १९४८ साली बर्फाच्या वजनाने छप्पर बसलं, त्याखाली पहिली पंचवीस वर्षं गेली. पुढचं जे उरलंय त्यात निम्म्या कागदांवर कॉफी करायची पाळी कुणाची, एवढंच. उपलब्धींची यादी करायला बसले. पुरुषांचा संघ चार वेळा उपविजेता. १९५५ च्या उपांत्य फेरीला आमची माणसं चुकीच्या गावाला पोचली. आलोच आहोत तर म्हणून तिथे एक मैत्रीचा सामना खेळली, आणि तोही हरली.

पंचाहत्तर वर्षांत चषक एकच. १९६१, महिला संघ, जिल्हा स्पर्धा. तो आम्ही आणला. आम्ही म्हणजे कप्तान ऑड्री, थेल्मा, विनी आणि मी. तिघी आता चर्चमागच्या स्मशानात आहेत. म्हणजे तो इतिहास माझ्या एकटीच्या हातात आहे. जबाबदारी मोठी.

चषक पाहायला क्लबमध्ये गेले. आत किल्ल्या ठेवल्यात. एक कान तुटलाय.

१५ जानेवारी

प्रकरण पहिलं: ‘सचोटी’. कॉन्व्हेंटातल्या सिस्टर बेनेडिक्टा म्हणायच्या, सुरुवात नेहमी वरून करावी. लिहिलं ते असं: ‘आमच्या खेळात पंच नसतो. बर्फावर दगड सरकत असताना तो लांब जावा म्हणून त्याच्या पुढ्यात झाडू मारायचा, पण दगडाला झाडूचा स्पर्श होता कामा नये. झाला तर तो दगड जळाला. मग ज्याच्या हातून झाला त्याने आपला हात आपण वर करायचा आणि दगड बाजूला काढायचा. समोरच्या संघाने तोंड उघडायचं नाही. आणि सामना संपला की जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना कॉफी पाजायची. वेंडलचा माणूस असा घडला.’

वाचून डोळ्यांत पाणी आलं. चिमणीचा धूर उलटा येतो आहे, तेही असेल.

एकूण पानं: दीड.

२२ जानेवारी

गार्थचा फोन. तो म्हणाला, तीनशे पानं कोण वाचणार, चाळीस बास. मी म्हटलं, ज्याला वाचता येतं तो वाचेल. तो हसला. याच्या आईची पत्रंही मीच वाचून दाखवायचे, ती तरी ऐकायची.

चाळीस तर चाळीस. रोजचं एक पानही पडत नाही. उगाच घाई कशाला करा. आठवडाभर विश्रांती.

२ फेब्रुवारी

विश्रांती लांबली. पण एक चांगली कल्पना सुचली. १९६१ च्या अंतिम सामन्यात हरलेल्या हालब्रुकच्या संघाचंही मनोगत घ्यावं. इतिहासकार निःपक्षपाती हवा. त्या चौघींतली सोल्वेग हालवर्सन नवरा गेल्यापासून वेंडलमध्येच राहते, माझ्या घरामागच्या रस्त्याला. क्लबच्या जेवणांना केक तीच करते. केक बरे असतात, थोडे कोरडे.

उद्या मुलाखत. प्रश्न तयार: पराभवातून आपण काय शिकलात?

३ फेब्रुवारी, दुपारी चार

सोल्वेग विणत बसली होती. मी वही उघडून प्रश्न विचारला. तिने ओळ संपवली, सुया फिरवल्या.

“फिलो, तुझा झाडू लागला होता.”

मी म्हटलं, कशाला?

“दगडाला. ऑड्रीच्या शेवटच्या दगडाला. तो काढला असता तर एका गुणाने आम्ही जिंकलो असतो.”

मी म्हटलं, मग सदतीस वर्षं तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस?

“ते आमचं सांगायचं नसतं. आम्ही चौघी तुझ्या हाताकडे बघत उभ्या होतो. मग तुम्ही कॉफी आणलीत. गार होती. आम्ही प्यालो, काही बोललो नाही.”

नंतर तिने केक खाणार का म्हणून विचारलं. मी खाल्ला. उगाच वाईट दिसायला नको.

मुलाखत वापरण्यासारखी नाही.

४ फेब्रुवारी

नीट आठवून पाहिलं. तेव्हाचे झाडू गवताचे, काड्या गळायच्या. एखादी काडी दगडाला लागली असेल. काडी म्हणजे झाडू नव्हे. गळून पडलेला केस म्हणजे काही बाई होत नाही.

आणि सोल्वेगला तेव्हा चष्मा होता.

५ फेब्रुवारी

मलाही होता. पण माझा नवा होता.

७ फेब्रुवारी

रात्री नीट झोप नाही. टक्, असा एक अगदी बारीक आवाज आठवत राहतो. स्वयंपाकघरातला पाइप असावा. प्लंबरला बोलावलं पाहिजे.

८ फेब्रुवारी, रविवार

चर्चनंतर फादरना सहज विचारलं. एका ओळखीच्या बाईंच्या हातून फार पूर्वी खेळात एक बारीकशी गोष्ट घडली असेल, किंवा नसेलही, तर काय करावं? फादर म्हणाले, त्या बाईंनाच पाठवून द्या. मी म्हटलं, त्यांचा गुडघा दुखतो. ते म्हणाले, मग मी त्यांच्या घरी येतो, पत्ता द्या.

पत्ता दिला नाही. या नव्या पाद्र्यांना आडून बोललेलं कळत नाही.

१६ फेब्रुवारी

पहिलं प्रकरण पुन्हा वाचलं. भाषा जरा चढ्या आवाजात झाली आहे. ‘आपला हात आपण वर करायचा’ हे वाक्य काढलं. मग त्याच्या मागचं-पुढचंही अधांतरी वाटू लागलं, तेही काढलं. आता प्रकरणात ‘आमच्या खेळात पंच नसतो’ एवढंच उरलंय. नेटकं आहे.

१९ फेब्रुवारी

१९६१ बद्दल चार पर्यायी वाक्यं तयार केली:
‘विजय मिळवला.’
‘विजयी ठरलो.’
‘विजयी घोषित झालो.’
‘चषक वेंडलला आला.’

चौथं सगळ्यांत खरं. चषक आला, यात वाद नाही. क्लबच्या कपाटात डाव्या कप्प्यात किल्ल्यांसकट उभा आहे.

२७ फेब्रुवारी

गार्थ स्वतः घरी आला. बूट न झटकता आत. छपाईवाला थांबलाय, बारा पानं द्या म्हणाला. मी त्याला इतिहासलेखनातल्या अडचणी समजावून सांगितल्या. किती झालीत, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, एक. तो टोपी हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, “बाई, लोक जेवायला येतायत, वाचायला नाही. सहा ओळी द्या, मेनूच्या मागे छापू.”

तीनशे पानांवरून सहा ओळी. याला म्हणतात संपादन.

त्याने जाता जाता विचारलं, ६१ सालचं तर तुम्हाला तोंडपाठ असेल ना? मी म्हटलं, जा आता, दार उघडं राहिलंय, थंडी आत येते.

६ मार्च

सहा ओळी दिल्या. छपराला दोन, चार वेळच्या उपविजेत्यांना दोन, चुकीच्या गावाला एक. शेवटची: ‘१९६१. महिला संघ. जिल्हा चषक.’ क्रियापद गाळलं.

सोल्वेग दुकानात भेटली. पीठ घेत होती, समारंभासाठी केक करायचाय म्हणाली. त्या विषयावर एक शब्द नाही. बाई आहे की भिंत. भांडली असती तर मला दोन शब्द तरी बोलता आले असते.

१३ मार्च

संकल्प: उद्या मी काही करणार नाही. सदतीस वर्षांत कुणाचं काही अडलं नाही. ऑड्रीच्या थडग्यावर या चषकाचं चित्र कोरलंय. त्याचं काय करू? खरवडून काढू? ती तर झाडत नव्हतीच, तिने नुसता दगड सोडला. उत्तम सोडला होता. बिचारीला माझ्या हाताचं कधी कळलंही नाही.

‘माझ्या हाताचं’ असं वर लिहिलं गेलं आहे. वही शाईची, खोडता येत नाही.

१४ मार्च, शनिवार, रात्री

टर्की कोरडी. कोबीचे रोल बरे होते. एकशे दहा माणसं. गार्थने मेनू उलटा करून सहा ओळी वाचल्या, छपराच्या ओळीला सगळे हसले. शेवटची ओळ वाचून त्याने पदरची जोडली: त्या विजयी संघातल्या मिसेस हुर्निक आज आपल्यात आहेत.

माझा उजवा हात वर गेला. मी ठरवलेलं नव्हतं. कॉन्व्हेंटच्या वर्गात करायचे तसा, कोपर ताठ, पूर्ण वर. वाक्यही तोंडाशी आलं होतं.

लोकांना वाटलं, बाई अभिवादन करतायत. टाळ्या सुरू झाल्या. काहींनी उलट हात हलवले. गार्थ म्हणाला, उभ्या राहा ना, सगळ्यांना दिसू दे. मी उभी राहिले, हात तसाच. मी म्हटलं, दगड जळाला होता. टाळ्या इतक्या होत्या की मी काही मागतेय असं समजून शेजारच्या मिस्टर पेंटलंडने वाकून मीठ माझ्याकडे सरकवलं.

हात किती वेळ वर होता कोण जाणे. खांदा अजून ठणकतोय.

बसले तेव्हा समोरच्या टेबलावरून सोल्वेग उठली. किटलीपाशी गेली, तिथे रांग होती, रांगेत उभी राहिली. पेला घेऊन सगळी खोली ओलांडून आली आणि माझ्यापुढे ठेवला.

“आज कॉफी माझी,” ती म्हणाली, आणि केक कापायला गेली.

गार होती. प्याले सगळी. काही बोलले नाही.