पाठमोऱ्या नातीला मारलेली हाक

आई, तुझी पणती काल बोलली. चारकोपच्या आमच्या स्वयंपाकघरात ती माझ्याकडे पाठ करून डबे पाडत होती. मी दारातून हळूच हाक मारली, तशी वळून म्हणाली, "आबा!" सून पोळी तव्यावर तशीच सोडून ओरडली, "बाबा, परत मारा, परत मारा हाक!" पोळीची वाट लागली. मी वॉचमनसकट अख्ख्या सोसायटीला पेढे वाटले.

पोरीनं मान वेळेवर धरली, पालथी पडली, रांगली, पहिल्या वाढदिवसाआधी चालली. फक्त बोलेना. दीड वर्षाची झाली तरी एक शब्द नाही. तू माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी म्हणायचीस, "आपल्या घरातली पोरां उशिराच बोलतत." मी नऊ वर्षांचा, म्हटलं, आई, हिला ऐकूच येत नाही गं. तू लाटणं उगारलंस, "माझ्या चेडवाक बहिरी म्हणतस?" आणि तिच्यामागे थाळी आपटलीस. ती वळली. विषय संपला. धाकटी आजही हातांनीच बोलते.

माझ्या मुलानंही लेकीमागे थाळीच आपटली. ती वळली. "बघा, येतंय ना ऐकू!" सगळे हसले. पण साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात मी झाडू मारायला लागलो, आज तिथेच माझं स्वतःचं वर्कशॉप आहे, आणि बिघडलेल्या मशीनला कान लावण्याआधी मी हात लावून बघतो. लक्षात आलं, थाळी पडली की लादी हादरते, पोरगी त्या हादऱ्याला वळते. मी थाळी तिच्या पाठीमागे हवेत धरली आणि पळीनं बडवली. शेजाऱ्यांची दारं उघडली, ही आपली ठोकळे रचत बसलेली. मुलगा चिडला, "बाबा, काही झालेलं नाहीये तिला." "मग ते डॉक्टरला सांगू दे. उद्याच." तपासणी झाली, दोन्ही कानांना ऐकायचं मशीन लागलं. त्या दिवशी पोरगी कुकरच्या शिट्टीला दचकून भोकाड पसरून रडते आहे आणि आम्ही तिघं येड्यासारखे टाळ्या वाजवतो आहोत! पुढे सहा महिने रोज बोलण्याची शिकवणी, आणि काल हे झालं.

तुझ्यावर राग नाही गं. थाळी हवेत धरायची, हे तुला कोण सांगणार होतं? हे पत्र माझ्या कपाटातच राहील, म्हणून एक कबूल करून टाकतो. पहिली शंका सुनेला आली होती. दोनदा म्हणाली, आणि दोन्ही वेळा मीच तिला गप्प बसवलं. आता सगळे माझंच कौतुक करतात, तीसुद्धा करते, आणि मी अजून कुणाला खरं सांगितलेलं नाही.