‘परंतु’च्या आधी वाजलेली घंटी

ती. ताईस,

वाकून नमस्कार (गुडघ्यामुळे अर्धाच, उरलेला भेटीत). कंबर कशी आहे? अजून शिवणयंत्रावर बसतेस ना? निदान हे पत्र वाचेपर्यंत तरी ऊठ. माझी प्रकृती उत्तम, अब्रू मात्र अंथरुणाला खिळली आहे.

त्याचं असं झालं. आमच्या गल्लीतलं वाचनालय तू पाहिलंयस: दोन खोल्या, कुरकुरणारा पंखा आणि एकोणीस वर्षं खुर्ची न सोडलेल्या ग्रंथपाल बाई. ते पाडून तिथे गाड्या उभ्या करायचं नगरपालिकेच्या कचेरीनं ठरवलं. सुनावणी लागली आणि गल्लीतर्फे बोलायला पाठवलं मला! (चौतीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवल्यामुळे इथे मला विचारवंत म्हणतात. न्हावीसुद्धा ‘विचारवंत, मान खाली’ म्हणतो.) समाजात बुद्धिवंतांचं काम काय, हे आयुष्यभर फळ्यावर लिहिलं, करून दाखवायची वेळ पहिल्यांदाच आली.

वेळ दहा मिनिटं. माझी खोड तुला माहीतच आहे. समोरच्याची बाजू त्याच्याहून चांगली मांडल्याशिवाय मी स्वतःच्या बाजूला हात घालत नाही. (लहानपणी तू मला बदडायचीस, तेव्हाही तुझं कसं बरोबर आहे हे मी आधी सांगायचो.) तर मी गाड्यांची बाजू मांडली. अशी मांडली, की साहेबांनी वही काढून मुद्दे उतरवून घेतले. रुग्णवाहिकेला वळायला जागा लागते, हे तर त्यांना सुचलंच नव्हतं! मी रंगात आलो, घोटभर पाणी प्यालो, ‘परंतु’ म्हणालो, आणि शिपायानं घंटी वाजवली. साहेबांनी माझा हात हातात घेतला आणि नोंद केली: रहिवाशांचा जोरदार पाठिंबा.

बाहेर आल्यावर बाईंनी हात पुढे केला. माझं वाचनालयाचं कार्ड परत मागितलं. दवाखान्यातली एक आया दुपारी तिथे परीक्षेचा अभ्यास करते, कारण तिच्या घरात सहा माणसं आणि एकच टेबल. तीही आता मला बघून रस्ता ओलांडते. ताई, मी तुझ्या यंत्राखाली बसून शिकलो. मला खरंच रडू आलं.

बाकी सर्व क्षेम.

तुझा धाकटा

ता. क. खरं कारण आता लिहितो. सोमवारी शेवटची सुनावणी आहे. तू ये. मुख्याध्यापक मला शाळेत जागा नाही म्हणाले, तेव्हा तू दारातच उभी राहून म्हणालीस, ‘जागा नसेल तर जमिनीवर बसेल. पण बसेल इथेच.’ एवढी पुस्तकं वाचली, पण तसं बोलणं मला काही जमलं नाही. तू बोल, मी मागे बसतो. तोंड उघडलं तर चिमटा काढ.

ता. क. २. तू येणार असं बाईंना सांगून टाकलंय. त्यांनी लगेच कार्ड काढलं. तुझ्या नावाचं.

ता. क. ३. तरी न्यायाला धरून सांगायचं, तर रुग्णवाहिकेचा मुद्दा तसा अगदीच... नाही. नाही सांगत. तू रविवारीच ये.