चटईखालचा तोमासी

ब्रिस्बेनजवळचा तुरुंग,
४ नोव्हेंबर २०१७

ती. तिरेसाताईस,
मलाकीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही, म्हणून मीच लिहितो. चार वर्षांची शिक्षा झाली. तब्येत ठीक आहे. जेवण मिळतं, पण इथल्या आचाऱ्याचं मिठाशी वैर असावं.

एक सांगतो, मला पश्चात्ताप नाही. त्या दिवशी कामावरून परतताना तोमासीला न्यायला तुझ्याकडे वळलो, तर माझा दहा वर्षांचा मुलगा तुझ्या दारासमोर सिमेंटवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा, मान खाली घालून बसलेला. डोक्यावर चटई. दाजी त्याच्यापुढे झाडूचा दांडा घेऊन उभे. आपल्या सामोअन माणसांत चटईखाली कोण बसतं, ताई? ज्याच्या घराने दुसऱ्याचं रक्त सांडलं तो, माफी मागायला. माझ्या पोराने असं काय केलं होतं? बागकामाचं फावडं गाडीत होतंच. कुठल्याही बापाने हेच केलं असतं.

तोमासीला मातायोकाकांकडेच राहू दे. तुझ्या घराची पायरी त्याने चढायची नाही. मी सुटलो की त्याला घेऊन जाईन. त्याची आई गेल्यापासून मला तोच एक उरला आहे.

उत्तर आलं तर लोभ आहे असं समजेन.
तुझा,
मलाकी

लोगन,
१९ नोव्हेंबर २०१७

चि. मलाकीस,
अ. उ. आ. ही तीन अक्षरं लिहायला मला पंधरा दिवस लागले.

तुला पोलिसांनी तिथूनच उचललं. कोर्टात तू आमच्याकडे मान वर करून पाहिलं नाहीस. तेव्हा काय झालं होतं ते आता ऐक.

माझी लुसिया आणि तुझा तोमासी आमच्या गॅरेजमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर कोडी बांधतात. नुसते खेळत नाहीत, बांधतात. एकाने खोल्या, दारं, कळा आणि पहारेकरी मांडायचे, दुसऱ्याने त्यातून वाट काढायची. अट एकच, बांधणाऱ्याने आधी स्वतः सुटून दाखवायचं. शाळेतून आले की दप्तरं दारात आणि ही दोघं एका खुर्चीवर अर्धी-अर्धी. त्या दिवशी तोमासीच्या डोक्यातून निघालं की चटईखाली बसेल तो पहारेकऱ्याला दिसणार नाही. पहारेकरी किती पावलांवर वळला म्हणजे निसटता येईल, ते स्क्रीनवर जमेना. म्हणून बाहेर सिमेंटवर खडूने चौकोन आखले, बैठकीतली चटई नेली आणि तुझ्या दाजींना, पेनीला, पहारेकरी केलं. झाडूचा दांडा हा त्याचा भाला. चार पावलं चालून वळायचं होतं. पेनी मुद्दाम पाच चालायचा, की दोघं त्याच्यावर तुटून पडायची. तोमासी चटईखाली हसत होता रे. मान खाली होती ती हसू दाबायला.

तू त्या चौकोनांवरून गाडी आणलीस आणि एका शब्दाने विचारलं नाहीस. पहिल्या घावात पेनीचा जबडा मोडला. दुसरा तू खाली पडलेल्या माणसावर घातलास, त्यात डावा डोळा गेला. तिसऱ्याला मी फावड्याचं पातं धरलं, म्हणून माझी दोन बोटं आता मिटत नाहीत. लुसियाने बापाचे दात चौकोनांतून वेचले आणि वहीच्या कागदात बांधून हॉस्पिटलात आणले. तिला वाटलं परत बसवता येतील. सिमेंट मी तीनदा घासलं.

जबडा नीट बसला नाही म्हणून पुन्हा तारेने बांधला आहे. नळीने केळ्याची सुआफाई, आपली ती पातळ खीर, तेवढी पोटात जाते. तुझा लहानपणापासून हात आधी आणि डोकं मागाहून. कुठल्याही बापाने हेच केलं असतं म्हणतोस. आपल्या बाबांनी केलं असतं, तेवढं खरं.

तुझी बहीण, अजून तरी,
तिरेसा

तुरुंग,
२ डिसेंबर २०१७

ती. ताईस,
नमस्कार करायचा अधिकार उरला असेल तर तो घे.

पत्र कितीदा वाचलं ते विचारू नकोस. ते चौकोन मला दिसलेच नाहीत. आता आठवून बघतो तरी दिसत नाहीत. चटई आणि दांडा, दोनच गोष्टी दिसतात.

मातायोकाकांना कळवलं आहे की आपल्या घराने इफोगा करावा, तुझ्या दारात चटईखाली बसून माफी मागावी. मी बाहेर असतो तर मीच बसलो असतो. दाजींचे भाऊ तापट आहेत. काकांच्या अंगावर दगड आला तर तो माझ्या वाटणीचा होता, असं त्यांना सांग. दाजींनी चटई उचलली, म्हणजे माफी दिली, तर तोमासीला तुमच्याकडे येऊ दे, मी सुटेपर्यंत. मग आम्ही बापलेक नव्याने घर मांडू. त्या आशेवर इथले दिवस ढकलतो आहे.

दाजींना काय लिहावं ते सुचत नाही.
मलाकी

लोगन,
१४ जानेवारी २०१८

चि. मलाकीस,
अ. उ. आ.

काल शनिवारी सकाळी आठाला मातायोकाका आले. दाराशी सिमेंटवर बसून त्यांनी आजीची बारीक विणीची चटई डोक्यावरून घेतली. तोमासी म्हणाला, मीही बसणार. काका नको म्हणाले तरी त्याने दुसरी चटई ओढून घेतली.

माझी मात्र पंचाईत. बहीण म्हणून मी चटईखाली, बायको म्हणून घरात. स्वयंपाकघराच्या दारात नुसती उभी राहिले. शेवटी पेनीच म्हणाला, जा, बस तुझ्या माणसांत. मी काकांच्या शेजारी जाऊन बसले. भर उन्हाळा, दहापर्यंत सिमेंट तव्यासारखं तापलं. पेनीचे दोघे भाऊ अंगणात फेऱ्या मारत होते, थोरल्याच्या हातात कुऱ्हाड. धाकट्याने वीट मारली. ती काकांच्या कानशिलावर बसली, चटईतून रक्त ठिबकून माझ्या मांडीवर आलं. काका हलले नाहीत. थोरला कुऱ्हाड घेऊन पुढे झाला तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

मग पेनी बाहेर आला. भावाला म्हणाला, डोळा माझा गेला आहे, तुझा नाही. त्याने काकांची चटई उचलली, त्यांना हाताला धरून उठवलं आणि आपल्या सदऱ्याने रक्त पुसलं. मिटलं, असं मला वाटलं. मग तो तोमासीकडे वळला.

चटई उचलताच पोराने दोन्ही हात डोक्यावर घेतले, गुडघ्यांत तोंड खुपसलं आणि म्हणू लागला की पुन्हा कॉम्प्युटरला हात लावणार नाही. थांबेचना. पाठ केल्यासारखं तेच तेच.

मलाकी, आमच्या घरात त्याला कॉम्प्युटर कोणी कधी मना केला नाही. पेनीने त्याच्यावर आवाजही चढवलेला नाही. ही विनवणी तो कोणाला करत आला आहे? संध्याकाळी मी त्याला आंघोळ घातली. पाठीवर पट्ट्याच्या बकलाचे वण आहेत. मी मोजले नाहीत. लुसियाला ते आधीपासून ठाऊक होते आणि त्याला दिलेली शपथ तिने पाळली, म्हणून मी तिला ओरडले आणि मग दोघी रडलो.

आज तोमासी कॉम्प्युटरपुढे बसला तेव्हा हात मांडीखाली दाबून होता. लुसियाने मशीन लावलं, दुपारनंतर त्याने एक हात बाहेर काढला.

त्याला इथे राहायचं आहे, तू सुटल्यावरही. विचारलं ते मला नाही, पेनीला. पेनी हो म्हणाला. त्याचा ताबा आम्हाला देण्याचे कागद सोबत आहेत, बापाची सही लागते. तू माझा भाऊ आहेस, तरी सही केली नाहीस तर मी कोर्टात तुझ्याविरुद्ध उभी राहीन.

तिरेसा

तुरुंग,
२७ जानेवारी २०१८

ती. ताईस,
नमस्कार.

कागद आले तेव्हा पहिल्यांदा मी ते फाडायला घेतले. मग वणांबद्दलची तुझी ओळ पुन्हा वाचली आणि ते खाली ठेवले.

दाजींना सांग, त्या दिवशी मी थांबून का विचारलं नाही, ते मला आता कळतं. पोर खाली बसलेलं आणि मोठा माणूस हातात दांडा घेऊन उभा, म्हणजे तो मारणारच, याबद्दल मला शंकाच आली नाही. दाजींच्या जागी मी असतो तर मारलंच असतं.

सही केली आहे. त्याला माझं पत्र वाचून दाखवू नकोस.

मलाकी