अनुराधापूरची पायरी

शामला,

तू कामठीले माहेरी निघून गेल्यावर मी आपल्या सिलोनच्या प्रवासात काढलेली पेन्सिलीची चित्रं भिंतीवर लावली. शेजारचे भैय्याजी अनुराधापूरचा स्तूप पाहून म्हणे, "देवराव, खालची पायरी मस्त उतरली गा."

त्याच पायरीवर तू बसली होती. अंगात ताप होता, तुझ्यानं उठवत नव्हतं. आन् मी म्हणून राहिलो, "बाजूले हो वं, पायरी झाकून राहिली." शेवटी तुले वगळलं आन् ती पायरी मनानंच काढली.

आज ती रबरानं खोडली. तिथं तुले काढीन, मगच हे पत्र टाकीन, असं ठरवलं होतं. पेन्सिल हातात घेऊन नुसता बसून राहिलो. तू कशी बसली होती, ते मी पाहिलंच नव्हतं.

कोणत्या तोंडानं 'तुझा' लिहू,
देवराव