उजवीकडची खोली

११ मार्च

दोन कागद शेजारी शेजारी ठेवले डॉक्टर चिनारांनी. एक गेल्या पानगळीतला, एक आजचा. दोन्हींवर सागिनचं हृदय. (चारचौघांत मी नवऱ्याचं नाव घेत नाही. इथे घेते. इथे कोण बघतंय!)

बोट ठेवून सांगत होत्या– हृदयाकडून फुप्फुसाकडे जाते त्या रक्तवाहिनीतला दाब. तेव्हा अडतीस. आता पंचावन्न. मी विचारलं, असायला किती हवा? "तिसाच्या आत." उंचावर हवा विरळ, म्हणून फुप्फुसातल्या नळ्या आवळतात. मग हृदयाच्या उजव्या खोलीला जोर लावून रक्त ढकलावं लागतं. उन्हाळ्यामागून उन्हाळे डोंगरावरच्या कुरणावर काढले यांनी. ढकलून ढकलून ती खोली फुगली आहे.

"मोठी झाली ना खोली? मग भाडेकरू ठेवू!" सागिन म्हणाले. डॉक्टर हसल्या नाहीत. "आता वर जायचं नाही. तुमचं कोचकोर गावसुद्धा तुम्हाला उंच आहे. खाली राहा, दाब उतरू शकतो."

बिश्केकहून परतताना गाडीत ते झोपले. ओठ निळसर. मी आधी कसं पाहिलं नाही? पाहिलं होतं. थंडीमुळे असेल म्हटलं होतं.

१४ मार्च

आलेखाचे दोन्ही कागद एकावर एक खिडकीच्या काचेवर धरले. उन्हात दोन्ही रेघा दिसतात. डॉक्टरांनी दाखवलेली जागा सापडली– जिथे जुन्या रेघेला इवलंसं टोक, तिथे नव्या रेघेला उंच सुळका. बाकी डोंगररांग तीच. किती तरी वेळ बघत राहिले. चहा निवला. त्या रेघेवरून चालत गेलं तर कुठे पोचू, असलं काहीबाही मनात.

१५ मार्च

स्वप्न पडलं. मी त्यांच्या हृदयात शिरले होते. आत आमच्या तंबूसारखंच– लोकरी नमद्याच्या भिंती, वरून उजेड. उजवीकडची भिंत वाऱ्याने बाहेर फुगत होती आणि मी दोन्ही हातांनी दोर ओढून धरला होता. भीती नव्हती वाटत. फक्त हात दुखत होते. जागी झाले तेव्हा ते शेजारी घोरत होते. छातीवर हात ठेवला. घोड्याच्या दुडक्या चालीसारखं काहीतरी.

२ एप्रिल

घोट्यांवर सूज. बोट दाबलं की खळगा राहतो.

तोकमोकहून लेकीचा, नुरजातचा फोन– "आपा, बाबांना माझ्याकडे पाठव. इथे उंची कमी आहे. आणि जनावरं विकून टाका!"

त्यांनी ऐकलं. जेवले नाहीत.

२० एप्रिल

आज भांडण! कुरणावर जनावरं कोण नेणार?

"त्या मेंढपाळ कासिमकडे देऊन टाकू," ते म्हणाले.

"कासिमच्या मेंढ्या दर वर्षी लांडगा खातो. आपल्या मेल्या की म्हणेल, लांडग्याला तुमच्याच आवडल्या."

"मग कोण नेणार? तुझा बाप?"

"मी नेते."

किती वेळ हसले! हसता हसता धाप लागली, भिंतीला टेकले. "बुरुल, तुला उताराला घोडा आवरत नाही."

"नुरजातच्या बाबा, तुम्हाला जिना चढवत नाही."

असं बोलायला नको होतं. मग त्यांनी उठून घोडीचं खोगीर आणलं आणि पट्टे तेल लावून मऊ करत बसले. माझ्यासाठी.

२८ मे

नुरजात येऊन घेऊन गेली त्यांना. मोटारीत बसताना म्हणाले, "तिथे करू काय मी? बाल्कनीतून मोटारी हाकू?" मी त्यांची कॉलर नीट केली. रडले नाही. मोटार वळल्यावर रडले.

७ जून

कुरण. तंबू उभारायला शेजारची तुर्सुन एजे– थोरल्या बहिणीसारखी, म्हणून एजे– आणि तिचे दीर आले. संध्याकाळी सगळे गेले. मी दारासमोरच्या मानाच्या जागेवर बसले. लग्न झाल्यापासून तिथे तेच बसतात, मी चुलीपाशी. गंमत म्हणून बसले. तिथून दार दिसतं, दारातून सगळी दरी.

१९ जून

घोड्या आता मला ओळखतात. घोडीचं दूध आंबवून कुमिस केला. जरा आंबटच झाला, पण तुर्सुन एजे दोन वाडगे प्यायली. "सागिनपेक्षा बरा जमलाय. त्याला सांगू नकोस, हृदय फुटेल!" आम्ही दोघी हसत सुटलो आणि मग तिने जीभ चावली.

४ जुलै

धुकं. सकाळपासून काहीच दिसत नव्हतं, फक्त मेंढ्यांचे आवाज. मी गवतात पडून राहिले. जेवण किती वाजता, खोगीर कुठंय, वळणावर वाट कुठली घेतली– कुणी काही विचारलं नाही. पाऊस कधी येणार ते मीच ठरवते आणि चुकते. किती हलकं! धुक्याबरोबर आपणही वर सरकतोय असं वाटलं.

मग आठवलं, आठवडाभर मी त्यांच्या छातीचा विचारच केला नाही.

३ ऑगस्ट

फोनला रेंज मिळते त्या खडकावर चढले. नुरजात– "आपा, चाचणी झाली! दाब एकोणचाळीस! उजवी बाजूही आकसत आलीये." मी खडकावरच बसले. पंचावन्न, एकोणचाळीस. मोठ्याने म्हणून पाहिलं. रडले, हसले, घोडी चमकून बघत होती.

नुरजात पुढे म्हणाली, "बाबा बाहेर बूट चढवत होते तेव्हा डॉक्टर मला म्हणाल्या, असंच राहिलं तर पुढच्या उन्हाळ्यात थोडे दिवस वर जाता येईल. मी त्यांना बोलले नाहीये अजून. एकदा वर गेले की खाली उतरायचे नाहीत. तू ठरव, तूच सांग."

९ ऑगस्ट

पुन्हा खडकावर. आज ते स्वतः बोलले. आवाजात दम आहे आता, पूर्वीसारखा. "बुरुल, नुरजात म्हणते तुलाच विचारा. डॉक्टर काय म्हणाल्या माझ्याबद्दल? येऊ देतील का मला वर? पुढच्या वर्षी?"

खाली तंबूतून धूर सरळ वर चालला होता.

"नाही म्हणाल्या," मी सांगितलं. "कधीच नाही."